राखेतून उरलेली नावे

आमच्या शाळेतील इंग्रजीच्या बाईंनी गेल्या पावसाळ्यात आम्हा तिघांना घरी बोलावून घेतले. बाईंचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. लष्कर भागातील जुन्या बंगलीत त्या एकट्याच राहतात. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून एक जाडजूड बायबल काढले आणि त्याच्या कोऱ्या पहिल्या पानावरची फिकट झालेली शाई आमच्यापुढे धरली. तिथे त्यांच्या पणजोबांचे नाव होते, त्याखाली 'रॉसकॉमन, आयर्लंड' एवढेच दोन शब्द होते आणि एक जन्मवर्ष होते. त्यातील शेवटचा आकडा दोन आहे की सात, हे ठरवणे कठीण होते. बाई म्हणाल्या, "हल्ली सगळं आंतरजालावर मिळतं म्हणतात. तुम्ही तिघं शिकलेली मुलं आहात. एवढं गाव शोधून द्या मला. मला तिथं जायचं नाहीये. फक्त नाव हवंय."

काम सोपे आहे असे आम्हाला वाटले. त्यानंतर आमचे पाच महिने त्यात गेले. त्या काळात आम्ही जे शिकलो ते वंशावळीच्या छंदापुरते मर्यादित नाही. दस्तऐवज म्हणजे काय, तो कोणासाठी लिहिला जातो, कोणाचे नाव त्यात येते आणि कोणाचे येत नाही, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही रोजच पडतात. म्हणून हा मजकूर.

आयरिश पूर्वजांचा शोध घेणारा प्रत्येक जण लवकरच एका तारखेपाशी येऊन थांबतो. ती तारीख म्हणजे ३० जून १९२२. ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिश राष्ट्रवाद्यांत फूट पडली होती. तहाला विरोध असलेल्या सैनिकांनी एप्रिलपासून डब्लिनमधील 'फोर कोर्ट्स' ही न्यायालयाची भव्य इमारत ताब्यात ठेवली होती. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्याने तिच्यावर तोफा डागायला सुरुवात केली. दोन दिवसांनी प्रचंड स्फोट झाला आणि त्याच आवारातील सरकारी अभिलेखागार पेटले. तो सुरुंग होता की साठवलेल्या दारूगोळ्याला आग लागली, दोष कोणाचा, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. सात शतकांचे दप्तर काही तासांत जळून गेले. जळक्या कागदांचे तुकडे डब्लिनच्या रस्त्यांवर आणि छपरांवर पडत राहिले.

त्या दप्तरात काय होते? १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांची घरोघरची पत्रके होती. शतकानुशतकांची मृत्युपत्रे होती. आयर्लंडच्या प्रस्थापित प्रोटेस्टंट चर्चची अधिकृत मान्यता १८६९च्या कायद्याने काढून घेतल्यावर त्याच्या पॅरिशांच्या नोंदवह्या सरकारी मालमत्ता ठरल्या आणि 'सुरक्षित राहाव्यात' म्हणून त्यांतील निम्म्याहून अधिक इथे आणून ठेवल्या गेल्या. ज्या पॅरिशांनी आपल्या वह्या गावातच सांभाळायची परवानगी मिळवली, त्यांच्या वह्या वाचल्या. ज्यांनी त्या निमूटपणे राजधानीला पाठवल्या, त्यांच्या जळाल्या. सुरक्षिततेचा असा उफराटा न्याय क्वचितच पाहायला मिळतो.

परंतु सगळा दोष त्या आगीच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. १८६१ आणि १८७१च्या जनगणनांची मूळ पत्रके आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. म्हणजे पाऊण शतकाच्या आठ जनगणनांपैकी चार आगीत गेल्या आणि चार कारकुनी निर्णयात. आगीची आठवण राष्ट्राने शोककथेसारखी जपली. लगद्याची आठवण कोणी काढत नाही. इतिहासात विनाशाला नाट्य असेल तरच तो लक्षात राहतो की काय, असा प्रश्न आम्हाला पडला.

मग उरले काय? १९०१ आणि १९११ या दोन जनगणना पूर्ण उरल्या, कारण त्या वेळी त्या फोर कोर्ट्समध्ये नव्हत्याच. १९२१ साली स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झाली नाही आणि पुढची १९२६ साली झाली. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९११ची पत्रके २००७च्या अखेरीस डब्लिनपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने आंतरजालावर आणली. २००९पर्यंत सर्व ३२ काउंटी पूर्ण झाल्या, २०१०मध्ये १९०१चीही पत्रके आली, आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येतात. १९२६च्या पत्रकांना शंभर वर्षांचा नियम लागू होता, त्यामुळे ती खुली होण्याचे साल २०२६.

या पत्रकांवर कुटुंबप्रमुखाच्या हातची अक्षरे आहेत, किंवा अक्षर येत नसेल तर त्याने केलेली फुलीची खूण आहे. कोणाला लिहिता-वाचता येते, कोणाला फक्त वाचता येते, कोणाला दोन्ही येत नाही, याचा रकाना आहे. आयरिश भाषेचाही रकाना आहे. पश्चिमेकडील कित्येक घरांत आजी-आजोबांपुढे 'आयरिश आणि इंग्रजी' असे लिहिलेले दिसते आणि नातवंडांपुढची जागा कोरी असते. एक भाषा घरातून कशी निघून जाते, हे सांगायला भाषाशास्त्राचे ग्रंथ लागतात. इथे ते एकाच पानावर वरून खाली वाचता येते. १९११च्या पत्रकात विवाहित स्त्रियांना आणखी एक प्रश्न होता : किती वर्षांचा संसार, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतील किती हयात आहेत. हा प्रश्न विधवांसाठी नव्हता. तरीही काही विधवांच्या नावापुढे उत्तर लिहिलेले आढळते आणि त्यावर गणकाने मारलेली रेघ दिसते. रेघेखालचे आकडे वाचता येतात.

बाईंचे पणजोबा मात्र १९०१च्या कितीतरी आधी आयर्लंड सोडून गेलेले. त्यांच्यासाठी मागे जायला हवे होते, आणि मागे जाताना एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडील कुळवृत्तांत कुळातील मंडळी स्वतः जुळवतात. त्यामागे अभिमान असतो, निवडही असते. आयर्लंडच्या सामान्य कुळांना असा वृत्तांत लिहिणारे कोणी नव्हते. त्यांचा माग लागतो तो कर वसूल करणाऱ्यांच्या कागदांतून. १८२३ ते १८३७ या काळातील 'टाइद' आकारणीच्या वह्या अशाच. प्रोटेस्टंट चर्चच्या खर्चासाठी जमीन कसणाऱ्या प्रत्येकाला कर द्यावा लागे आणि हे देणारे बहुसंख्य कॅथलिक होते. ज्याचा त्यांना मनस्वी संताप येई, त्याच करामुळे त्यांची नावे टिकली. दुसरा कागद म्हणजे सर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले मूल्यांकन. ते १८४७ ते १८६४ या काळात छापले गेले आणि त्यात सुमारे दहा लाख नोंदी आहेत : जमीन कोणाच्या कब्जात, ती कोणाकडून घेतलेली, क्षेत्र किती, घराचे मूल्य किती. गरिबांच्या साहाय्यासाठी बसवलेला स्थानिक कर कोणावर किती, हे ठरवणे हा त्याचा हेतू.

इथे सालांकडे नीट पाहायला हवे. १८४५ ते १८५२ हा महादुष्काळाचा काळ. बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली आणि तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, देश सोडून गेली. १८४१च्या गणनेत ८१ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाखांवर आली. म्हणजे टाइदच्या वह्या दुष्काळाच्या आधीच्या आणि ग्रिफिथची यादी बहुतांशी नंतरची. दोन्ही यादी शेजारी ठेवल्या की पहिलीत असलेली आणि दुसरीत नसलेली आडनावे दिसू लागतात. मधल्या १८४१ आणि १८५१च्या गणनांत ही माणसे घरासकट, वयासकट नोंदलेली होती. ती पाने त्या आगीत गेली.

त्या पानांची एक चिमूट मात्र उरली आहे, आणि ती कशी उरली याची हकिकत आम्हाला या साऱ्या शोधातील सर्वांत विलक्षण हकिकत वाटते. १९०८ साली वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला कमाल पाच शिलिंग मिळू लागले. पण सत्तरी पुरी झाली हे सिद्ध कसे करायचे? आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १८६४ साली सुरू झाली. हे वृद्ध त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले. मग त्यांनी अर्ज करायचे, की १८४१ किंवा १८५१च्या गणनेत आमच्या आईबापांच्या घरी आमचे नाव आणि वय पाहा. अर्जात आईवडिलांची नावे आणि गाव लिहायचे. डब्लिनच्या अभिलेखागारातील शोधनीस जुनी पत्रके काढत, घर सापडल्यास त्यातील माणसांची नावे आणि वये अर्जावर उतरवत, न सापडल्यास तसा शेरा मारत. पुढे मूळ पत्रके जळाली, पण हे अर्ज वाचले. आज ते चित्रप्रतींच्या रूपाने पाहता येतात. बड्या घराण्यांच्या बाबतीत अशीच कृपा सर विल्यम बेथम यांच्यासारख्या वंशावळकारांनी केली होती. त्यांनी जुन्या मृत्युपत्रांतून काढलेली टिपणे उरली. श्रीमंतांची नावे त्यांच्या मालमत्तेने वाचवली आणि काही गरिबांची नावे आठवड्याच्या पाच शिलिंगांच्या आशेने.

याच निवृत्तिवेतनाने आणखी एक गंमत केली आहे. १९०१च्या गणनेत ५८ वर्षांची असलेली माणसे १९११च्या गणनेत ७०, ७१ वर्षांची झालेली दिसतात. दहा वर्षांत बारा-तेरा वर्षांनी वाढलेली अशी माणसे आयर्लंडभर सापडतात. त्यांना खोटारडे म्हणावे का? ज्यांचा जन्म कोणी लिहूनच ठेवला नव्हता, त्यांना आपले वय अंदाजानेच ठाऊक असणार. आणि अंदाज थोडा सोयीचा करून घेण्याची मुभा माणसाला असावी. आमच्यापुरता धडा एवढाच, की दस्तऐवजातील आकडाही कोणीतरी कोणाला तरी सांगितलेला असतो आणि सांगण्यामागे कारण असते.

कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्या सरकारजमा झाल्या नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांच्या सूक्ष्मचित्रफिती घेतल्या होत्या. जुलै २०१५मध्ये हजाराहून अधिक पॅरिशांच्या, साधारण १८८०पर्यंतच्या या वह्या, सुमारे पावणेचार लाख चित्रांच्या रूपात खुल्या झाल्या. पण पश्चिमेकडे कित्येक ठिकाणी त्या एकोणिसाव्या शतकातच कधीतरी सुरू होतात. बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये आहेत : जेम्सचा जेकोबस होतो, विल्यमचा गुलिएल्मस. शाई ओघळलेली, पाने कुरतडलेली. आमच्यापैकी एकाला मोडी वाचण्याचा सराव आहे. तो म्हणाला, अक्षर वाचायचे नाही, लिहिणाऱ्याच्या हाताची सवय वाचायची. ती युक्ती इथेही लागू पडली.

नावांचा गुंता वेगळाच. इंग्रजी राजवटीत आयरिश आडनावांमागचे 'ओ' आणि 'मॅक' गळून पडले, काही परत आले. 'मॅक गव्हन' म्हणजे लोहाराचा मुलगा; कोणी त्याचे मॅगोवन केले, तर कॅव्हन काउंटीत अनेकांनी सरळ भाषांतर करून 'स्मिथ' केले. गावांचेही तेच. तिथे जमिनीचा सर्वांत लहान घटक 'टाउनलँड', आपल्या एखाद्या वाडीच्या शिवाराएवढा. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. १८२४नंतरच्या भूमापनात त्यांची आयरिश नावे इंग्रजी कानांना सोसतील अशी करून नकाशावर घातली गेली. 'बेले'चे 'बॅली' झाले, 'दिरे'चे 'डेरी'. ब्रायन फ्रील यांचे १९८० साली प्रथम रंगभूमीवर आलेले 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक याच भूमापनावर बेतलेले आहे हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. वर्गात ते आम्ही भाषिक राजकारणाचे उदाहरण म्हणून शिकलो होतो. एका माणसाचे गाव शोधताना ते राजकारण हाताला लागते : बायबलात कोणीतरी ऐकून लिहिलेले नाव नकाशावर नसते आणि नकाशावरचे नाव गावातील म्हाताऱ्यांच्या तोंडी नसते.

अशा गुंत्यात घाई केली की काय होते याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांचे ठाणे उघडले आणि पहिली नोंद झाली ती कॉर्कहून दोन धाकट्या भावांसह 'नेव्हाडा' जहाजाने आलेल्या या सतरा वर्षांच्या मुलीची. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट मिळाले. पुढे तिचे काय झाले? ती पश्चिमेकडे टेक्ससला गेली, तिथेच संसार केला आणि अपघातात वारली, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र छापले गेले. १९९३ साली तिचे पुतळेही उभे राहिले, एक एलिस बेटावर आणि एक ती जिथून निघाली त्या कोव्ह बंदरात. मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-अभ्यासक स्त्रीने नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की टेक्ससची ॲनी मूर आयर्लंडहून आलेलीच नव्हती. तिचा जन्म अमेरिकेतील इलिनॉयचा. स्मोलेन्याक यांनी आंतरजालावरून आवाहन करून पुरावा देणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि काही आठवड्यांतच, २००६ साली, खरी ॲनी सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिने संसार केला, तिची बरीचशी मुले लहानपणीच गेली, १९२४ साली ती वारली आणि क्वीन्समधील दफनभूमीत नाव नसलेल्या थडग्यात पुरली गेली. २००८ साली त्यावर शिळा बसवण्यात आली.

टेक्ससच्या कथेला लोक इतकी वर्षे का बिलगून राहिले? तिच्यात प्रवास होता, विस्तीर्ण भूमी होती, अमेरिकन स्वप्न होते. खऱ्या ॲनीच्या कथेत अरुंद खोल्या आणि लहान शवपेट्या होत्या. कथेचा ओघ आपल्याला कुठे नेतो आणि नोंद कुठे नेते, यांतील अंतर साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी ओळखायला हवे. आज लाखो वंशवृक्ष आंतरजालावर आहेत आणि एकाची चूक दुसरा बिनदिक्कत उतरवून घेतो. जुन्या पोथ्यांत लेखकाचा प्रमाद नकलेगणिक पुढे जाई, अगदी तसे. पाठचिकित्सेची शिस्त इथे कोणी शिकवत नाही. ती आपण घेऊन जावी लागते.

ही शिस्त सांभाळणे किती अवघड आहे, ते आम्हाला बाईंच्या पणजोबांनी शिकवले. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय फौजेत आयरिश तरुणांचा वाटा फार मोठा होता. दुष्काळाच्या मागेपुढे तर भरती हाच अनेकांचा जगण्याचा मार्ग होता. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला नियमाने लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतील पुष्कळ आंतरजालावर पाहता येतात. तिथे बाईंचे पणजोबा सापडले : भरतीच्या नोंदीत काउंटी रॉसकॉमन, पूर्वीचा व्यवसाय मजुरी, विवाहाच्या नोंदीत छावणीचे नाव आणि वडिलांचे नाव.

रॉसकॉमनच्या वह्यांत त्याच नावाची तीन मुले, चार वर्षांच्या अंतरात बाप्तिस्मा झालेली, लागून असलेल्या पॅरिशांत मिळाली. तिघांपैकी दोघांच्या वडिलांचे नावही तेच. यात आश्चर्य नव्हते. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायची चाल तिथेही होती, त्यामुळे चुलत भावांची नावे सारखीच असत.  कॅथलिक वह्यांत आईचे माहेरचे आडनाव लिहितात, त्यावरून दोघांना वेगळे करता आले असते. परंतु छावणीतील विवाहनोंदीत वराच्या आईसाठी रकानाच नाही. पणजोबांच्या एकुलत्या मुलीचे नाव दोघांतील एकाच्या आईच्या नावाशी जुळते. आम्ही आनंदून गेलो. आमच्यापैकी एकाने तर त्या टाउनलँडचा नकाशा छापूनही आणला. मग रात्री बसून मोजले, तर त्या एका वहीत पाच पानांत ते नाव अकरा वेळा आले होते. पुरावा म्हणून त्याची किंमत काहीच नव्हती.

तीन दिवस आमचा वाद झाला. एक बाजू म्हणे, बाईंना एक गाव हवे आहे. पन्नास टक्के खात्रीचे द्यावे, कोणाचे काय बिघडते? त्यांना तिथे जायचेही नाही. दुसरी बाजू म्हणे, याच बाईंनी आपल्याला निबंधात 'बहुधा' आणि 'निश्चित' यांतील फरक शिकवला. शेवटी आम्ही दोन्ही टाउनलँडची नावे एका कागदावर लिहिली, दोन्हींखाली पुरावे मांडले आणि कोणता पुरावा कुठे संपतो तेही लिहिले.

बाईंनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला. दोन गावांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि पणजी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. विवाहाच्या त्याच नोंदीत, त्याच ओळीत वधूचे नाव होते. फक्त बाप्तिस्म्याचे नाव. आडनाव नाही, वडिलांच्या नावाच्या जागी आडवी रेघ. एतद्देशीय वधूच्या बाबतीत अशी नोंद होणे त्या काळी काही नवलाचे नव्हते. ती ओळ आम्ही पाच महिन्यांत निदान पन्नास वेळा वाचली असेल. फोर कोर्ट्सची आग, लगद्यात गेलेली पत्रके, विधवांच्या आकड्यांवरच्या रेघा, या सगळ्यांवर आम्ही तावातावाने बोललो होतो. या रेघेबद्दल आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. आम्ही शोधत होतो ते आयरिश पूर्वज. ही बाई इथलीच होती, या मातीतली, कदाचित आमच्याच भाषेतली. तिला शोधायचे असते हे आमच्या मनातही आले नाही. बाई रागावल्या नाहीत. "मलाही कधी सुचलं नव्हतं," एवढेच म्हणाल्या. "घरात सगळे त्यांच्याबद्दलच बोलायचे."

जे जळाले ते परत उभारण्याचा एक थोर प्रयत्न आयर्लंडमध्ये चालू आहे. अभिलेखागारातील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ साली, म्हणजे आगीच्या तीनच वर्षे आधी, तिथे काय काय आहे याची सूची छापली होती. त्या सूचीच्या आधारे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जगभरच्या ग्रंथालयांतून नकला, उतारे आणि टिपणे गोळा झाली आणि जून २०२२मध्ये, आगीच्या शताब्दीला, जळालेल्या अभिलेखागाराची आभासी प्रतिकृती सर्वांसाठी खुली झाली. काय हरवले याची यादी असेल तर हरवलेले शोधता येते. बाईंच्या पणजीच्या बाबतीत अशी यादी कोणी केलेली नाही. ती कधी कोणत्या सूचीत नव्हती, त्यामुळे ती हरवली हेही कोणाच्या लक्षात आले नाही.

तरीही एक धागा आहे. लंडनला गेल्या त्या नकला. मूळ वह्या इथल्या चर्चमध्येच राहिल्या. नकल करणारा कारकून कंटाळून काही गाळतो, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र. वधूचा बाप्तिस्मा विवाहाच्या आधी कधीतरी त्याच छावणीत झाला असणार आणि त्या वेळच्या मूळ नोंदीत पाद्र्याने तिचे वय, गाव, कदाचित आधीचे नावही लिहिले असेल. ती वही कोणत्याही संकेतस्थळावर नाही. ती आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांच्या अंतरावर, एका लाकडी कपाटात आहे, आणि पाहू देण्याची विनंती आम्ही केली आहे. पुढच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी दहा वाजता यायला सांगितले आहे. बाईंनी येण्याचा हट्ट धरला आहे, त्यामुळे या वेळी आम्ही चौघे असू.